परसेप्टिबल, नोटिसेबल, डिसर्निबल, डिटेक्टेबल: फरक कोणाला दिसतो आणि कशाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रंगाच्या दोन बॅचची तुलना करणारे अहवाल इंग्रजीत लिहायचे असतात. ‘फरक’ या शब्दाला विशेषण कोणते लावायचे? परसेप्टिबल, नोटिसेबल, डिसर्निबल, डिटेक्टेबल की डिस्टिंग्विशेबल? शब्दकोशात पाहिले तर एकाच्या अर्थात दुसरा शब्द दिलेला असतो आणि दुसऱ्याच्या अर्थात तिसरा. मग कोणताही वापरला तर चालेल का?

नाही चालणार. गप्पांमध्ये चालेल, अहवालात नाही. तांत्रिक आणि वैद्यकीय मजकुराचे संपादन आणि भाषांतर हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. हाच शब्दसमूह चुकल्यामुळे वाक्य भलतेच वचन देऊन बसते, हे मी वारंवार पाहिले आहे.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. या विशेषणांच्या शेवटी येणारे -एबल किंवा -इबल फक्त ‘शक्य आहे’ एवढेच सांगते. कोणाला शक्य आहे, कशाच्या मदतीने, हे सांगत नाही. मराठीत ‘मला फरक जाणवला’ किंवा ‘यंत्राने फरक दाखवला’ असे आपण सहज म्हणतो आणि कर्ता वाक्यात उभा राहतो. इंग्रजी विशेषण तो कर्ता लपवते. लपवते म्हणजे पुसत नाही: यातल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक ठरावीक पाहणारा बसलेला असतो. कुठे इंद्रिय, कुठे लक्ष, कुठे विचार, कुठे यंत्र. तो पाहणारा कोण हे कळले की शब्दकोशातला गोंधळ बराच निवळतो. म्हणून शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: फरक कोणाला कळतो, कशाने कळतो, आणि कशापासून वेगळा म्हणून कळतो.

परसेप्टिबलपासून सुरुवात करू. याच्या पोटातला पाहणारा म्हणजे इंद्रिय: डोळा, कान, त्वचा, जीभ, नाक. जी गोष्ट इंद्रियाच्या उंबरठ्यावर पोहोचली ती परसेप्टिबल, जी पोहोचली नाही ती इम्परसेप्टिबल. मराठीत ‘जाणवण्याइतका’ किंवा शास्त्रीय मजकुरात ‘इंद्रियगोचर’. घड्याळाचा तासकाटा घ्या. तो मिनिटाला अर्धा अंश सरकतो. ते सरकणे डोळ्याला इम्परसेप्टिबल आहे, कितीही टक लावून पाहा. तासाभराने पाहिले तर काटा 30 अंश पुढे गेलेला असतो आणि तो बदल सहज नोटिसेबल असतो. गती जाणवत नाही, पण तिचा परिणाम लक्षात येतो.

हा उंबरठा मोजण्याचे शास्त्र जुने आहे. लाइपझिगमध्ये अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी स्पर्श आणि वजन यांवर प्रयोग करून 1834 मध्ये दाखवले की फरक जाणवणे हे फरकाच्या निव्वळ आकारावर नाही, तर मूळ राशीशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. हातात 100 ग्रॅम असेल तर साधारण 2-3 ग्रॅमची भर जाणवू लागते. एक किलो असेल तर तेवढी भर कळतही नाही, 20-30 ग्रॅम लागतात. पुढे गुस्टाफ फेख्नर यांनी 1860 मध्ये याच पायावर सायकोफिजिक्स हे शास्त्र मांडले. म्हणून ‘परसेप्टिबल’ हा शब्द एकटा लिहिला की जाणकार वाचक लगेच विचारतो: कशाच्या तुलनेत, कोणत्या परिस्थितीत?

इथे एक गोम आहे, ती सांगायलाच हवी. या शास्त्रात ‘जेमतेम जाणवणारा फरक’ यासाठी इंग्रजीत रूढ झालेली संज्ञा आहे ‘जस्ट नोटिसेबल डिफरन्स’. म्हणजे उंबरठ्याच्या गोष्टीसाठी शब्द वापरला नोटिसेबल! ती संज्ञा तशीच वापरा, तिला दुरुस्त करायला जाऊ नका. पण शास्त्राबाहेरच्या साध्या इंग्रजीत नोटिसेबल हा परसेप्टिबलपेक्षा एक पायरी वरचा आहे.

ती पायरी म्हणजे लक्ष. नोटिसेबलच्या पोटात इंद्रिय नाही, अवधान आहे. खोलीतल्या पंख्याची घरघर कानाला परसेप्टिबल असतेच, पण कामात असताना ती कोणाच्या खिजगणतीत नसते. पंखा बंद पडला की अचानक आलेली शांतता नोटिसेबल होते. 1999 मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी केलेला प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. चित्रफितीत काही माणसे चेंडू एकमेकांकडे टाकत आहेत, प्रेक्षकाने एका गटाचे पास मोजायचे. मधूनच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. इंग्रजीत सांगायचे तर गोरिला पूर्णपणे व्हिजिबल होता, परसेप्टिबल होता, पण त्या निम्म्या लोकांनी तो नोटिस केला नाही. ‘दिसत होता’ आणि ‘लक्षात आला’ यांतले हे अंतर मराठीला पक्के ठाऊक आहे. भाषांतरात मात्र दोन्हींसाठी एकच ‘लक्षणीय’ ठोकून दिले जाते आणि अंतर नाहीसे होते.

‘लक्षणीय’ या शब्दाबद्दल माझे मत ठाम आहे. तो चांगला शब्द आहे, पण त्याच्यावर फार ओझे लादले जाते. नोटिसेबल, सिग्निफिकंट, रिमार्केबल, कन्सिडरेबल, अप्रिशिएबल, मार्क्ड, सगळ्यांना तोच. यातला सिग्निफिकंट सर्वांत घातक, कारण संशोधनाच्या मजकुरात त्याचा अर्थ आकाराशी निगडित नसतो. समजा, हजारो रुग्णांवरच्या चाचणीत औषधाने रक्तदाब सरासरी 1 एमएमएचजीने कमी झाला. नमुना मोठा असल्याने हा फरक ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ ठरू शकतो, म्हणजे निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता कमी आहे एवढेच. रुग्णाला तो नोटिसेबल असणार नाही, परसेप्टिबलही नाही. तिथे ‘रक्तदाबात लक्षणीय घट’ असे मराठी वाक्य छापले तर वाचणाऱ्याचा सरळसरळ गैरसमज होतो. ‘सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ’ हा प्रयोग थोडा बोजड आहे, पण खरा आहे. उलट दिशेने लिहितानाही तेच: आकडेशास्त्रीय कसोटी लावलेली नसेल तर इंग्रजी अहवालात सिग्निफिकंट लिहू नका. मोठा फरक म्हणायचे असेल तर कन्सिडरेबल किंवा सब्स्टॅन्शियल आहेत, मोजण्याइतपत आणि हिशोबात धरण्याइतपत म्हणायचे असेल तर अप्रिशिएबल आहे. अप्रिशिएबलचे मूळ किंमत ठरवण्याशी निगडित लॅटिन शब्दात आहे, आणि ‘हिशोबात धरावा असा’ ही छटा त्यात आजही टिकून आहे.

आता डिसर्निबल. माझ्या मते या सगळ्यांत हा सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित शब्द. लॅटिन ‘डिस्सर्नेरे’ म्हणजे वेगळे करणे, आणि त्यातल्या ‘सेर्नेरे’चा मूळ अर्थ चाळणे. याच्या पोटातला पाहणारा म्हणजे विवेक. गोष्ट समोर उघडी पडलेली नाही, अनेक गोष्टींत मिसळली आहे, तिला चाळून बाहेर काढावे लागते. म्हणून डिसर्निबल हा शब्द रंग-वासापेक्षा पॅटर्न, ट्रेंड, मोटिव्ह, इन्फ्लुअन्स अशा नामांबरोबर जास्त शोभतो. धुक्यात दूरवर एखादी आकृती डिसर्निबल असते, कारण तिथेही डोळ्याला प्रयत्न करावा लागतो. आणि या शब्दाचा सर्वाधिक वापर नकारात होतो: ‘नो डिसर्निबल पॅटर्न’, ‘नो डिसर्निबल इफेक्ट’. त्याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असा नसून ‘शोधूनही परिणाम वेगळा काढता आला नाही’ असा आहे. मराठीत ‘कोणताही ठरावीक कल हाती लागत नाही’ असे म्हटले तर ती छटा बरीचशी येते. ज्या परीक्षेत शोधलेच नाही, तिथे हा शब्द लिहिणे खोटेपणा होईल.

डिस्टिंग्विशेबल याहून वेगळा आहे, कारण त्याला दुसरी वस्तू लागतेच. एकटी गोष्ट परसेप्टिबल असू शकते, नोटिसेबल असू शकते, पण एकटी डिस्टिंग्विशेबल असू शकत नाही. म्हणून त्याच्यामागे ‘फ्रॉम’ येते, लिहिलेले नसले तरी मनात असते. वनस्पतींच्या नव्या वाणांना संरक्षण देणाऱ्या यूपॉव्ह या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1991 च्या आवृत्तीत याचा फार नेटका वापर आहे. वाण ‘डिस्टिंक्ट’ कधी मानायचे? तर अर्ज करतेवेळी ज्यांचे अस्तित्व सर्वज्ञात आहे अशा इतर कोणत्याही वाणापासून ते ‘क्लिअरली डिस्टिंग्विशेबल’ असेल तेव्हा. एका विशेषणाची व्याख्या दुसऱ्याने केली आहे, पण ती गोल फिरत नाही. कशापासून वेगळे आणि कोणत्या वेळी, हे दोन्ही सांगितले आहे.

भौतिकशास्त्रात याच शब्दाचा नकार फार खोल जातो. दोन इलेक्ट्रॉन ‘इनडिस्टिंग्विशेबल’ आहेत म्हणजे आपली साधने कमी पडतात असे नाही. त्यांच्यावर ‘हा पहिला, हा दुसरा’ अशी खूण तत्त्वतःच करता येत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशकणांच्या स्थितींची जी मोजणी मांडली, तिचे मर्म हेच होते की दोन कणांची अदलाबदल ही वेगळी स्थिती धरायची नाही. तत्त्वज्ञानात मात्र लाइबनित्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वासाठी ‘आयडेंटिटी ऑफ इनडिसर्निबल्स’ असा शब्दप्रयोग रूढ आहे: दोन गोष्टींचे सगळे गुणधर्म तंतोतंत सारखे असतील तर त्या दोन नाहीत, एकच. पदार्थविज्ञानात इनडिस्टिंग्विशेबल, तत्त्वज्ञानात इनडिसर्निबल. या स्थिरावलेल्या संज्ञा आहेत, त्यांची अदलाबदल करू नये.

वकिलांच्या इंग्रजीत डिस्टिंग्विशेबलला आणखी एक वळण आहे. जुना निवाडा ‘डिस्टिंग्विशेबल’ आहे असे वकील म्हणतो तेव्हा तो निवाडा ठळक किंवा नामांकित आहे असे त्याला म्हणायचे नसते. त्या खटल्यातली वस्तुस्थिती इथल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणून तो निवाडा इथे लागू करू नये, असा तो युक्तिवाद असतो. डिस्टिंग्विश्ड म्हणजे नामवंत, या ओळखीच्या अर्थाच्या भरात इथे घसरगुंडी होते.

डिस्टिंक्ट आणि डिस्टिंक्टिव्ह ही जोडीही इथेच उरकून घेऊ. डिस्टिंक्ट म्हणजे वेगळा किंवा सुस्पष्ट. डिस्टिंक्टिव्ह म्हणजे ज्याच्यावरून ती गोष्ट ओळखता येते असा, खास. जुळ्या भावंडांतल्या दोन व्यक्ती डिस्टिंक्ट असतातच. एकाच्या कपाळावर व्रण असेल तर तो डिस्टिंक्टिव्ह. व्यापारचिन्हांच्या कायद्यात ‘डिस्टिंक्टिव्ह कॅरेक्टर’ मागतात ते याच अर्थाने: चिन्हावरून माल कोणाचा हे ओळखता आले पाहिजे.

डिटेक्टेबल या शब्दावर मी सर्वाधिक सावध असतो. याच्या पोटात बहुतेक वेळा यंत्र, चाचणी किंवा पद्धत असते. मूळ अर्थ आवरण काढणे. माणसाला काही न जाणवता गोष्ट डिटेक्टेबल असू शकते: कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, तो माणसाला परसेप्टिबल नाही, पण योग्य उपकरणाला डिटेक्टेबल आहे. हा भेद तिथे जिवाशी खेळणारा ठरतो. सुरक्षा-सूचनेत ‘वायू जाणवल्यास बाहेर पडा’ असे भाषांतर झाले तर ते वाचणारा वासाची वाट पाहत बसेल. तिथे ‘उपकरणाने वायू दाखवल्यास’ असेच हवे.

आणि डिटेक्टेबल म्हणजे मोजता येण्याजोगा, असेही नाही. रासायनिक विश्लेषणात ‘लिमिट ऑफ डिटेक्शन’ आणि ‘लिमिट ऑफ क्वांटिफिकेशन’ या दोन वेगळ्या मर्यादा असतात. ढोबळ प्रथेनुसार पार्श्वभूमीच्या गोंगाटाच्या तिप्पट संकेत मिळाला तर पदार्थ ‘आहे’ म्हणता येते, पण भरवशाचा आकडा द्यायचा तर साधारण दसपट संकेत लागतो. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पदार्थ डिटेक्टेबल आहे, क्वांटिफाएबल नाही.

अनडिटेक्टेबलचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण एचआयव्ही उपचारातले. औषधे नियमित घेतल्यावर ‘व्हायरल लोड अनडिटेक्टेबल’ असा अहवाल येतो. याचा अर्थ विषाणू शरीरातून गेला असा नाही. रक्तातले प्रमाण त्या चाचणीच्या मर्यादेच्या खाली आहे, अनेक चाचण्यांत ही मर्यादा मिलिलिटरमागे 20 किंवा 50 प्रती अशी असते. पण याच स्थितीत लैंगिक संबंधातून विषाणू दुसऱ्याकडे जात नाही, हेही सिद्ध झालेले आहे. त्यावरूनच ‘अनडिटेक्टेबल म्हणजे अनट्रान्समिटेबल’ हा संदेश जगभर दिला जातो. मराठीत ‘विषाणू आढळला नाही’ एवढेच लिहिले तर रुग्ण बरा झाल्याचे समजून औषध थांबवू शकतो. ‘विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडण्याइतके उरलेले नाही, औषधे चालू ठेवायची आहेत’ असे सविस्तर लिहावे. एका विशेषणासाठी आख्खे वाक्य खर्च झाले तरी हरकत नाही.

स्पर्शाचे दोन शब्द थोडक्यात. पॅल्पेबल हा डॉक्टरांच्या बोटांचा शब्द: ‘पॅल्पेबल लंप’ म्हणजे हाताला लागणारी गाठ. लाक्षणिक अर्थाने ‘पॅल्पेबल टेन्शन’ म्हणतात तेव्हा तणाव इतका दाट की जणू हाताला लागावा. टँजिबल हा हिशोबाकडे झुकलेला: टँजिबल असेट, टँजिबल बेनिफिट, म्हणजे प्रत्यक्ष, मूर्त. गाठीला टँजिबल म्हणू नये आणि मालमत्तेला पॅल्पेबल म्हणू नये.

मार्क्ड आणि प्रोनाउन्स्ड हे दोघे ‘दिसू शकतो’ असे सांगत नाहीत, ‘चांगलाच दिसतो’ असे सांगतात. दोन्हींसाठी मराठीत ‘ठळक’ पुरतो. ‘चिन्हांकित सुधारणा’ आणि ‘उच्चारित लंगडणे’ असली भाषांतरे यांत्रिक भाषांतरामुळे वाढली आहेत, ती दिसतील तिथे खोडावीत. कॉन्स्पिक्युअस म्हणजे नजरेत भरणारा, उठून दिसणारा. करारांच्या संदर्भात या शब्दाला चांगली व्याख्या मिळाली आहे: अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडनुसार एखादी अट कॉन्स्पिक्युअस कधी, तर समंजस माणसाच्या लक्षात ती यायलाच हवी होती अशा रीतीने लिहिलेली किंवा मांडलेली असेल तेव्हा. त्या विशिष्ट माणसाच्या लक्षात ती प्रत्यक्ष आली की नाही, हा प्रश्न व्याख्येत नाही. वरच्या गोरिलाच्या प्रयोगानंतर ही व्याख्या वाचली की कायद्याने केलेली तजवीज कळते.

अपरंटपासून मात्र जपून. ‘इट इज अपरंट दॅट’ म्हणजे ‘उघड आहे की’. पण नामाआधी आला की तो बरेचदा उलटतो: ‘अपरंट कॉज’ म्हणजे वरवर दिसणारे कारण, खरे असेलच असे नाही. खगोलशास्त्रात ‘अपरंट मॅग्निट्यूड’ म्हणजे पृथ्वीवरून दिसते तेवढी तेजस्विता, ताऱ्याची मूळ तेजस्विता नव्हे. वाक्यात हा शब्द कुठे बसला आहे ते पाहिल्याशिवाय भाषांतर करू नका. नेमके ‘उघड’ म्हणायचे असेल तर एव्हिडंट किंवा ऑब्व्हियस लिहिणे सुरक्षित.

आता रंगाच्या अहवालाकडे. इथे तीन वेगळी विधाने शक्य आहेत आणि तिन्हींना वेगळे विशेषण लागते. वर्णमापक यंत्राने दोन बॅचमध्ये फरक नोंदवला, मग तो कितीही सूक्ष्म असो: तो डिटेक्टेबल. सीआयई लॅब (इथे लॅब म्हणजे प्रयोगशाळा नव्हे) या रंग आकड्यांत मांडण्याच्या 1976 च्या पद्धतीत रंगांतले अंतर डेल्टा-ई या आकड्याने सांगतात. साधारण 2.3 इतका डेल्टा-ई जेमतेम जाणवणारा मानला जातो, आणि यंत्र त्याहून कितीतरी लहान फरक दाखवते. दुसरे विधान: नमुने शेजारी ठेवून प्रशिक्षित निरीक्षकांनी पाहिले आणि त्यांना फरक जाणवला. तो परसेप्टिबल. तिसरे: वस्तू वापरणाऱ्याच्या, मुद्दाम तुलना न करताही, लक्षात येईल असा फरक. तो नोटिसेबल. ग्राहकाला बहुधा तिसऱ्याशी देणेघेणे असते, प्रयोगशाळा मोजते पहिले, आणि अहवालात या दोघांची सरमिसळ होते.

‘नमुने इनडिस्टिंग्विशेबल आहेत’ असे लिहायचे असेल तर प्रकाश कोणता होता ते लिहिल्यावाचून सुटका नाही. दिवसाच्या प्रकाशाचे प्रमाण मानल्या जाणाऱ्या डी65 दिव्याखाली दोन नमुने एकसारखे दिसतात आणि पिवळसर तंतूच्या दिव्याखाली वेगळे पडतात, असे होऊ शकते. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून ‘डी65 प्रकाशात, सामान्य वर्णदृष्टीच्या निरीक्षकांना, शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक परसेप्टिबल नव्हता’ असे वाक्य मी कधीही पसंत करीन. लांब आहे, पण त्याला उद्या कोणी आव्हान दिले तरी ते टिकेल.

राहता राहिल्या बारीक गोष्टी. बेअरली हे क्रियाविशेषण परसेप्टिबल आणि डिसर्निबल यांच्याशी जुळते, क्लिअरली हे व्हिजिबलशी, रेडिली हे डिस्टिंग्विशेबलशी. तुलनेत ‘नोटिसेबली बेटर’ स्वाभाविक वाटते, ‘डिसर्निबली बेटर’ ओढूनताणून आणल्यासारखे. परसेप्टिबल आणि डिसर्निबल यांच्यामागे ‘टू’ येते, कारण कोणाला हे सांगायचे असते. स्पेलिंगमध्ये परसेप्टिबल आणि डिसर्निबल यांना ‘आय’ लागतो, नोटिसेबल, डिटेक्टेबल आणि डिस्टिंग्विशेबल यांना ‘ए’. नोटिसेबलमधला मधला ‘ई’ गाळू नका, तो गेला तर ‘सी’चा उच्चार ‘क’ होईल. आणि डिस्क्रीट या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत, दोघेही त्या चाळण्याच्या धातूपासूनच आलेले: शेवटी दोन ‘ई’ सलग असतील तर अर्थ ‘बोलण्या-वागण्यात संयमी’, आणि दोन ‘ई’मध्ये ‘टी’ असेल तर अर्थ ‘सुटा, अलग’. अहवालात मोजमापाच्या पायऱ्यांबद्दल लिहिताना हवा असतो तो दुसरा.